उळं टाकायच्या आधी

आमच्या गावाला धरण नाही, पाट नाही, आवर्तन नाही. सिन्नरहून शिर्डीकडे जाताना पांगरी-वावीच्या पट्ट्यात जी उघडी, मुरमाड रानं दिसतात, त्यातलंच एक गाव. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचंय त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी येतात. एकाच नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आमच्याकडे पाचशे पडला तर वर्ष बरं गेलं म्हणतात. जायकवाडीला पाणी सोडण्यावरून जिल्ह्यात रान पेटतं, २०२३ला तर नाशिक-नगरच्या धरणांतून मिळून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, पण आमच्या पारावर त्याची चर्चा फार रंगत नाही. आमचं धरण म्हणजे पायाखालचा खडक. तो जेवढं पाणी धरतो तेवढं आमचं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मोजमाप हेच काम. शेती थोरला भाऊ बघतो, त्याला आम्ही दादा म्हणतो. शनिवारी संध्याकाळी मी गावी जातो, सोमवारी पहाटे परत.

२०२३चा ऑगस्ट अख्ख्या देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हे पेपरात नंतर वाचलं. आम्हाला ते सोयाबीनकडे बघूनच कळलं होतं. शेंगा धरायच्या वेळेला पानं हातात चुरत होती. बाजरी गुडघ्याला लागायच्या आत निसवली. सप्टेंबरात थोडा शिडकावा झाला, त्यावर लोक उभारी धरून म्हणायला लागले की खरीप गेला तर गेला, उन्हाळ कांद्यावर भरून काढू.

मला भीती वाटली ती तिथे. २०१८-१९च्या दुष्काळात हेच झालं होतं. दिवाळीच्या सुमारास सगळ्यांनी उळं, म्हणजे कांद्याच्या रोपासाठीचं बी, टाकलं, डिसेंबर-जानेवारीत लागवडी केल्या, आणि फेब्रुवारीच्या शेवटी एकामागून एक विहिरींनी बूड दाखवलं. कांदा पोसायच्या टप्प्यात पाणी गेलं. मजुरी, खत, रोप, सगळा खर्च झालेला आणि हातात गोट्यांएवढा कांदा. वर प्यायच्या पाण्याला टँकर. त्या वर्षी आमच्या आईने एक वाक्य म्हटलं होतं ते डोक्यातून गेलं नाही. ती म्हणाली, "बहात्तरला पाणी व्हतं, धान्य नव्हतं. आता धान्य रेशनवर मिळतं, पाणी कुठल्या रेशनवर मिळंल?" बहात्तरच्या दुष्काळात ती रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला होती. सुकडी खाऊन तिने माती वाहिलेली आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा चाळीस-पन्नास फुटांच्या विहिरीला पाणी असायचं.

तर २०२३ला उळं टाकायच्या आधी विहिरी मोजायच्या, एवढंच ठरवून मी सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी गावी गेलो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते, पण त्या तालुक्यात ठरावीक असतात. आमच्या गावात किती पाणी आहे हे गावानेच मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.

कारखान्यातून पन्नास मीटरची टेप आणली. टोक सरळ खाली जावं म्हणून भंगारातला एक जाड नट बांधला. बरोबर दोन पोरं होती, एक बारावीतला आणि एक आयटीआय करणारा. पाण्याला नट टेकला की खालून बारीक 'टप्प' असा आवाज येतो. खोल विहिरीत तो ऐकायला श्वास धरावा लागतो. मोटार चालू असेल किंवा नुकतीच बंद केलेली असेल तर पातळी खोटी दाखवते, विहिरीला परत भरून यायला वेळ लागतो. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे मोजून उपयोग नसतो. म्हणून दिवसपाळीच्या आठवड्यात सुट्टी टाकून पहाटे पाचला बाहेर पडायचो, मोटारी सुरू व्हायच्या आत.

एक्केचाळीस विहिरी मोजल्या आणि मग लक्षात आलं की अर्ध्या मोजणी कठड्यापासून घेतल्यात आणि अर्ध्या जमिनीपासून. कुणाचा कठडा एक फुटाचा, कुणाचा साडेतीन. रोज मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती. सगळ्या परत मोजल्या. दुसऱ्या खेपेला मात्र लोक बांधावर येऊन उभे राहायला लागले. "आमची किती भरली?" "शेजारच्या नानांची किती?" पहिल्या खेपेत जे संशयाने बघत होते त्यांनी दुसऱ्या खेपेत स्वतः टेप धरली. कुणाच्या विहिरीत नऊ फूट पाणी, कुणाच्या चौदा, तिघांच्या विहिरी कोरड्या. ओढ्याच्या काठच्या चार विहिरींत वीसच्या वर.

आता हे आकडे लोकांपुढे कसे ठेवायचे? ग्रामपंचायतीत पडदा लावून तक्ते दाखवले. पंचवीस माणसं आली, अर्धी मधूनच उठून गेली. म्हणून दुसऱ्या दिवशी तेच आकडे दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर खडूने लिहिले. गावातलं प्रत्येक घर दिवसातून दोनदा तिथे येतं. दूध मापून होईपर्यंत माणूस तिथे उभा असतो आणि समोर जे असेल ते वाचतो. आठवड्याभरात गावात विहिरींच्या आकड्यांशिवाय बोलणं नव्हतं. ज्यांना पाण्याचा ताळेबंद हा शब्द जड वाटत होता, ते आपापसात तोच मांडत होते.

मग मारुतीच्या पारासमोरच्या फरशीवर हिशेब केला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. आमचं शिवार साधारण ८०० हेक्टर. त्या वर्षी पाऊस जेमतेम तीनशे. म्हणजे २४० कोटी लिटर आभाळातून पडलं. हा आकडा लिहिल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं असून आपण बोंबलतोय?" पण त्यातलं बहुतेक वाफ होऊन जातं, पिकं आणि गवत पितात, काही ओढ्याने वाहून जातं. आमच्या काळ्या पाषाणात आठ-दहा टक्के मुरलं तर खूप. वर पाणी धरणारा मऊ मांजऱ्या खडक असला तर थोडं जास्त, खाली घट्ट पाषाण लागला की संपलं. म्हणून २० कोटी धरले.

वस्ती दोन हजार. माणशी ५५ लिटर धरलं तर वर्षाचे चार कोटी. गाई-म्हशी नऊशेच्या आसपास, सत्तर लिटरने सव्वादोन कोटी. उरले पावणेचौदा कोटी. एक एकर उन्हाळ कांद्याला लागवडीपासून काढणीपर्यंत ढोबळमानाने वीस लाख लिटर लागतं.

भागाकार मी केला नाही. खडू आयटीआयच्या पोराच्या हातात दिला. त्याने लिहिलं : ६८ एकर.

आमच्या गावात आदल्या वर्षी तीनशे एकरांच्या वर कांदा होता. फरशीवरच्या त्या आकड्याभोवती माणसं बराच वेळ नुसती उभी होती. हिशेब ढोबळ आहे, दहा-वीस एकर इकडेतिकडे होईल, हे मी सांगितलं. पण तीनशे आणि अडुसष्ट यात दहा-वीसने काय फरक पडतो! हरभऱ्याला दोन पाण्यांत भागतं, म्हणजे एका एकर कांद्याच्या पाण्यात चार एकर हरभरा निघतो, हेही लिहिलं. त्यावर एक तात्या म्हणाले, "हरभऱ्यात पोरीचं लग्न होत नाही." खरं होतं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, शेतीसाठी बोअर घेत नाहीत. पण ते सांगितलं की लोक म्हणतात, "तिथं पोपटराव आहेत, आपल्याकडं कोण आहे?" माझ्या कामाला आला तो आमचा मामा. आईचं माहेर बागलाणातलं, मोसम नदीकाठचं. तिकडे फड पद्धत शेकडो वर्षांपासून चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक. बहुतेकांची जमीन सगळ्या फडांत थोडी थोडी असते. नदीला पाणी कमी असलं की यंदा किती फड भिजवायचे ते आधीच ठरतं, आणि भिजतं ते सगळ्यांचं थोडं थोडं भिजतं. पाटकरी पाणी देतो, कुणी मनाने दारं फोडत नाही. मामाला मी मुद्दाम गावी आणला. तो पारावर बसून म्हणाला, "नदी आटली तर फड आखडायचा. यात नवीन काय आहे, भाचे? तुमचं पाणी जमिनीखाली आहे म्हणून तुम्हाला ते प्रत्येकाला आपलं एकट्याचं वाटतं."

आणि खरी अडचण तीच होती. ती मला माझ्याच घरात भेटली.

दादाने शेततळं केलंय, तीस बाय तीस मीटरचं, आत प्लास्टिकचा कागद. २०१६च्या 'मागेल त्याला शेततळे'नंतर आमच्या भागात अशी तळी भराभर झाली. कल्पना अशी की पावसाचं वाहतं पाणी त्यात अडवायचं. पण बांध उंच केल्यावर वाहतं पाणी आत येणार कुठून? लोक पावसाळ्यात विहिरीचं पाणी उपसून तळं भरतात आणि उन्हाळ्यात डाळिंबाला, कांद्याला देतात. माझा सगळ्यात मोठा आग्रह होता की विहिरीवरून तळी भरणं बंद करा. जमिनीखालचं पाणी वर काढून उन्हात पसरून ठेवायचं, याच्याएवढी नासाडी नाही.

दादा चिडला. "तू शहरात राहून मला शिकवतो का?" इथपर्यंत बोलणं गेलं. आई मध्ये पडली नाही, ती चुलीपुढून उठलीच नाही. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तळ्यात तेव्हा कमरेएवढं पाणी होतं. मी कारखान्यातली स्टीलची पट्टी एका काठीला बांधून तळ्यात उभी केली आणि दादाला एवढंच म्हटलं की आठ दिवस यात मोटार टाकू नको, काढूही नको. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं काठावर बसलो. पाणी चार सेंटीमीटर खाली गेलं होतं. चार बोटंही नाहीत. कागदावर गुणाकार केला, तळं काठोकाठ भरलेलं धरून : नऊशे चौरस मीटर, चार सेंटीमीटर, छत्तीस हजार लिटर. तीन टँकर. एकाही झाडाला न देता. आणि हा ऑक्टोबर, एप्रिल-मेमध्ये रोजचं सात-आठ मिलिमीटर उडतं.

दादा कितीतरी वेळ पट्टीकडे बघत राहिला. मग तो जे बोलला ते माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा महत्त्वाचं होतं. "हे मला कळत नाही असं नाही. पण विहिरीत ठेवलं तर ते माझं राहतं का? खालचा ओढून नेईल. तळ्यात आहे ते निदान माझं आहे."

वाफ होणारं पाणी वाचवायचं तर आधी शेजाऱ्याचा भरवसा लागतो. पाणी अडवा, ठिबक करा, आच्छादन टाका, हे सगळं मी इतके दिवस लोकांना सांगत होतो, आणि हा भरवसा कुठून आणायचा ते एकदाही बोललो नव्हतो. एकट्या दादाने मोटार बंद ठेवली असती तर तो फक्त नुकसानीत गेला असता.

म्हणून पुढची बैठक पूर्ण गावाची घेतलीच नाही. विहिरींच्या नकाशावर बघून एकमेकींचं पाणी ओढणाऱ्या विहिरींचे गट पाडले, पाच-सहा विहिरींचा एक. आमच्या गटात दादा, ओढ्याकडचे तिघं आणि एक विधवा काकू. दादा तिथे उभा राहून म्हणाला, "मी तळं भरत नाही. पण तुम्ही तिघांनी इथं बोला." तिघं बोलले. काकू म्हणाल्या, "माझी मोटार तीन एचपीची आहे, तुमच्या साडेसातच्या. मी बंद ठेवली काय न् चालू ठेवली काय. पण माझ्या विहिरीला पाणी राहिलं तर मी एक गाय तरी ठेवीन." त्या बैठकीत सगळ्यात जास्त ऐकलं गेलं ते त्यांचं.

अशा सात गटांच्या बैठका झाल्या. ठरलं ते साधं होतं. एका विहिरीवर एक एकराच्या वर कांदा नाही, तोही गादीवाफ्यावर ठिबकने, सपाट वाफ्यात मोकळं पाणी सोडायचं नाही. दिवाळीनंतर विहिरीवरून तळं भरायचं नाही. डाळिंबवाल्यांनी यंदा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला बहार, धरायचा नाही, झाडं फक्त जगवायची, बुडाला सोयाबीनचा भुसा आणि मक्याची ताटं अंथरायची. गावच्या प्यायच्या विहिरीजवळच्या मोटारी फेब्रुवारीपासून बंद. नवं बोअर कुणी घ्यायचं नाही.

३१ ऑक्टोबरला सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा सिन्नर, येवला आणि मालेगाव होते. कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत मिळाली. सवलत हवीच होती. पण तोवर आमची उळं टाकून झाली होती आणि ती कमी टाकली होती, याचं मला जास्त समाधान होतं.

सगळ्यांनी पाळलं असं नाही. नऊ घरांनी दोन-दोन, तीन-तीन एकर लावला. त्यांना कुणी अडवलं नाही. अडवायचा अधिकार कुणाला नव्हता आणि त्यांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं. जानेवारीत माझ्याच वर्गातल्या एकाने रात्री बोअरची गाडी आणली. भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, पण रात्री दोनला कोण विचारतं? तो आवाज रात्रभर गावभर घुमत होता. सहाशे फूट गेला. पाणी नाही, नुसती राखाडी धूळ. सकाळी शेजारच्या अंगणातल्या तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, कडब्याच्या गंजीवर त्या दगडाच्या पिठाचा थर बसला होता. त्याची बायको तुळशीची पानं ओल्या फडक्याने एकेक करून पुसत होती. त्याने त्यासाठी दुभती गाय विकली होती. मी त्याच्याशी भांडायला म्हणून गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.

८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली आणि लासलगावात भाव कोसळले. गावात काहीजण मला म्हणाले, बरं झालं कमी लावला. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. आमचा निर्णय पाण्यासाठी होता. भाव मिळाला असता तर हीच माणसं मला शिव्या देत आली असती, आणि त्यांचं चुकलं नसतं. ज्याला एक एकरात भागवायला सांगायचं त्याच्या एका एकराला तरी भाव मिळायला नको का?

टँकर आला. तो येणार नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं. २०१९ला फेब्रुवारीत आला होता, या वेळी एप्रिलच्या मध्यावर. दोन महिने आमच्या विहिरींनी ओढले. लावलेल्या कांद्यातला बहुतेक पोसून निघाला. डाळिंबाची एक बाग गेली, बाकीच्या जगल्या. काकूंची गाय राहिली, दुसरी मात्र मेमध्ये चाऱ्याअभावी बाजारात गेली.

२०२४चा पाऊस चांगला झाला. ओढा तीनदा वाहिला. ऑक्टोबरात मी परत टेप घेऊन गेलो, तर एक्केचाळीसपैकी बत्तीस विहिरींत हाताने भांडं बुडेल एवढं वर पाणी. पारावर बैठक ठेवली, अकरा माणसं आली. दुष्काळात शंभर येतात, भरल्या विहिरीला कोण विचारतो! त्या वर्षी कांदा पुन्हा तीनशे एकरांच्या जवळ गेला. दादाने तळं भरलं. मी काही बोललो नाही, पण एका रविवारी त्याच्याकडचीच दोन पोती भुसा डाळिंबाच्या बुडाला पसरत असताना तो आपणहून म्हणाला, "खालच्या तिघांना विचारून भरलं." गटाचं बोलणं तेवढं टिकलंय.

दूध केंद्राच्या भिंतीवर आता खडूऐवजी ऑइलपेंटचा तक्ता आहे. एक्केचाळीस ओळी, वर्षाचे चार रकाने. मोजायला मी लागत नाही, ती दोन पोरं करतात. आयटीआयवाला आता सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला आहे, पण जानेवारीच्या रकान्याचे आकडे त्यानेच भरले. तिसाव्या ओळीत, काकूंच्या विहिरीपुढे, त्याने फुटांच्या आकड्याशेजारी एक लहानसं वर्तुळ काढलंय. त्याचा अर्थ विचारला तर म्हणाला, "त्यांच्याकडं गाय वाढलीय. पुढच्या हिशेबात धरायची."